व्हॉल्व्हच्या पाठीशी मॉस्फेट

प्रश्न : माझ्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये दोन ईएल३४ आहेत. आवाज चढवला की सूर फाटतो, मध्येच गुदमरतो. मॉस्फेट ड्रायव्हर लावल्यास गोडवा जाईल का?

उत्तर : नाही. म्यूझिक मॅनने १९७०च्या दशकातच व्हॉल्व्हना ट्रान्झिस्टरने चालवले होते; यात बाटवाबाटवी काही नाही. तुमचा दोष बहुधा कपलिंग कपॅसिटरपाशी आहे. ग्रिड कॅथोडपेक्षा धन झाली की करंट ओढते, कपॅसिटर चार्ज होतो, बायस आणखी ऋण होतो आणि तो चार्ज ओसरेपर्यंत व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडतो. म्हणून कपॅसिटर मॉस्फेटच्या गेटकडे ठेवा आणि सोर्स थेट ग्रिडला जोडा. अशा सोर्स फॉलोअरने सिग्नल वाढत नाही, फक्त ग्रिडला लागेल तेवढा करंट मिळतो.

प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र ५०० व्होल्टचा मॉस्फेट घ्या, आयआरएफ८२० चालेल. गेट-सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर आणि गेटलगत रेझिस्टर हवाच. सोर्सखालचा ऋण पुरवठा बायसच्या दुप्पट तरी असावा. सोर्स गेटहून काही व्होल्ट खाली बसतो, तेव्हा बायस नव्याने लावा, तोही ग्रिडवर मोजून.

पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढा. फिल्टर कपॅसिटरमध्ये त्यानंतरही ४०० व्होल्ट राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करूनच हात घाला.