उपहासाने मन वळते काय?

सिल्लोड येथील आमच्या मंडळीत मागे एकदा कर्ज काढून थाटाने लग्न करण्याच्या चालीविषयी आम्ही बोललो. सरळ निषेध न करिता आम्ही त्या चालीची स्तुतीच केली : शेत गहाण पडले तरी चालेल, परंतु मांडवापुढे बँड वाजलाच पाहिजे, इत्यादी. तरुण हसले. एका वृद्ध गृहस्थांस ती स्तुती खरीच वाटली. आणि ज्या बंधूच्या घरी नुकतेच तसे लग्न झाले होते, तो पुढे तीन रविवार उपासनेस आला नाही. दोष आमचाच. तेव्हापासून हे शस्त्र कसे चालते ह्याचा आम्ही जो थोडा अभ्यास केला, तो येथे देतो.

ह्या शस्त्राचे निष्णात कारागीर आमच्याच जिल्ह्यात, पैठणास, होऊन गेले. एकनाथ (मृत्यू १५९९) ह्यांच्या 'रोडगा' ह्या भारुडात एक सून भवानीस नवस करिते. सासरा परगावी गेला आहे तो तिकडेच संपावा, सासूचा नाश व्हावा, जाऊ विधवा व्हावी, अखेर नवराही जावा आणि आपण एकटी उरावे! एवढ्या कामगिरीबद्दल देवीस द्यावयाचे काय, तर एक रोडगा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा गोळा. ऐकणारा प्रथम सुनेस हसतो. मग त्यास स्मरते की, असला सौदा आपणही केला आहे. त्याहून खोल गेल्यास कळते की, सासरची ही माणसे म्हणजे आपलेच विकार होत, व त्यांतून सुटका हीच खरी मागणी आहे. नाथांनी येथे कोणाकडे बोट दाखविलेले नाही. ते स्वतःच त्या सुनेच्या मुखाने बोलतात. नाथान संदेष्ट्यानेही दाविदापुढे परक्याची गोष्ट मांडिली, आणि दाविदाने रागाने निवाडा दिला तो स्वतःवरच.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे' ह्या लेखांतील सुदामाही रूढींचा कैवारी होऊन बोलतो, आणि त्या कैवारानेच रूढी उघडी पडते. परंतु ते लेख मासिकाच्या सुशिक्षित वाचकांकरिता होते. भारुडात सोंग व ढोलकी पाहून श्रोत्यास खेळ कळतो. उपदेशकाच्या अंगावर सोंग नसते. त्याचा शब्द लोक शब्दशः धरितात, हे आम्ही विसरलो होतो.

केवळ खिजविण्याने मात्र कोणी वळत नाही. पुण्यातील विरोधकांनी आगरकरांची, ते जिवंत असतानाच, प्रेतयात्रा काढिली. काढणारांची करमणूक झाली असेल. आगरकरांनी लेखणी खाली ठेविली नाही.

पुढे आम्ही त्या बंधूच्या घरी गेलो. चालीविषयी काही न बोलता आमच्याच लग्नाची हकीकत सांगितली : उसन्या पैशांचा बँड, भाड्याचा कोट, आणि ते कर्ज फेडिताना गेलेली चार वर्षे. तो बंधू प्रथम हसला, मग जरा थांबून त्याने आपल्या कर्जाचा आकडा सांगितला.