खाच नसलेला खोका

ज्या पदार्थास मी सात महिने दूध समजत होते तो दूध नव्हता, ही गोष्ट मला परक्या देशात, ऐन कोजागिरीच्या रात्री, पाहुण्यांनी भरलेल्या घरात आणि एका जपानी शेजारणीच्या तोंडून कळली, याचे शल्य इतक्या वर्षांनीही बोथट झालेले नाही. आणि टोकियोत नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या आपल्या माणसांपैकी एखाद्याच्या घरी तरी हा प्रकार टळावा, म्हणून ही कैफियत मांडीत आहे. स्वतःची बाजू सांगावी हाही हेतू तीत आहे, तो मी लपवीत नाही. कारण 'इतके महिने राहून साधे दूध ओळखता येईना' असे जे माझ्या पाठीमागे बोलले गेले, ते बोलणाऱ्याने मला काय शिकवले होते याची शहानिशा कोणीही केली नाही.

निशि-कासाईत आम्ही 2006 च्या मार्चमध्ये राहावयास गेलो. त्या देशात दहा वर्षे मुरलेले आणि आपल्या मंडळींत जाणकार म्हणून मान असलेले एक गृहस्थ पहिल्याच रविवारी मला दुकानात घेऊन गेले, थंड कपाटापुढे उभे राहून त्यांनी माझ्या वहीत एक चित्राक्षर काढून दिले, 'हे दुधाचे अक्षर, वहिनी. हे दिसले की निःशंक घ्यायचे', असे सांगितले आणि निळ्या-पांढऱ्या रंगाचा एक लिटरचा खोका माझ्या टोपलीत ठेवला. शेजारच्या खोक्यांहून तो तीस-चाळीस येनांनी स्वस्त होता. अक्षर खरोखरच दुधाचे होते. मी ते रात्री दहा वेळा गिरवले, आणि पुढे सात महिने, आठवड्यातून तीनदा, ते अक्षर शोधून तोच खोका घरी आणीत राहिले. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. सकाळी एक पेला आणि निजताना एक, असा त्याचा रतीब होता.

संशय मला आला नव्हता असे नाही. विरजण लावले की दही पाणीदार होई, आणि तापवून रात्रभर ठेवलेल्या पातेल्यावर सकाळी सायीचा मागमूस नसे. मी त्या गृहस्थांना विचारले. त्यांनी सांगितले की इथल्या कोणत्याच दुधाला साय धरत नाही, कारण कारखान्यात मोठ्या दाबाखाली त्यातल्या स्निग्धांशाचे कण इतके बारीक फोडतात की ते वर तरंगून येऊच शकत नाहीत. हे त्यांचे म्हणणे बहुतांशी खरे होते, आणि मला सर्वांत अधिक फसवले ते याच खऱ्या उत्तराने. कारण त्यानंतर दुधाविषयी जी जी शंका मनात येई तिला 'इथले असेच असते' हा एकच जबाब मी स्वतःच स्वतःला देऊ लागले.

त्या वर्षी आपली कोजागिरी आणि जपान्यांचे चंद्रदर्शन, ज्याला ते त्सुकिमि म्हणतात, हे दोन्ही 6 ऑक्टोबरला एकाच रात्री आले होते. एरवी या दोहोंत पुष्कळदा महिन्याचे अंतर पडते. हा योग साधून मी चार कुटुंबांना बोलावले होते, आणि खालच्या मजल्यावरच्या वृद्ध शेजारणीलाही. दुपारपासून चार खोके जाड बुडाच्या पातेल्यात आटत ठेवले होते. देशावरून आणलेली चारोळी, केशर, वेलदोडे, बदामाचे काप, सारे सिद्ध होते. दोन तास ढवळूनही ते दूध दाटेना. रंग मात्र मळकट होत गेला, आणि उलथने तळाशी फिरवले तेव्हा त्याच्या कडेला खडूच्या ओल्या भुकटीसारखा पांढरा साका लागून आला. तो मी बोटावर घेऊन चाखला. चव दुधाची नव्हती.

शेजारीणबाई पांढरे शुभ्र तांदळाचे गोळे तबकात रचून घेऊन आल्या होत्या. स्वयंपाकघरात डोकावल्या, पातेल्याकडे पाहिले, मग ओट्यावरच्या रिकाम्या खोक्यांपैकी एक उचलून बाजूची बारीक अक्षरे त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांशी धरून वाचली. त्यांचे नख एका ओळीखाली थांबले. 'कोरे वा ग्युन्यू ज्या नाइ देसु,' त्या अगदी हळू म्हणाल्या. हे ग्युन्यू नव्हे. मला वाटले माझ्याच ऐकण्यात कसूर झाली. त्यांनी माझा हात धरला, माझी तर्जनी खोक्याच्या माथ्यावरच्या शिवणीच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, आणि काही न बोलता खाली गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या घरचा खोका होता. त्याच्याही माथ्यावरून त्यांनी माझे बोट फिरवले, आणि या वेळी ते मध्येच एका लहान अर्धगोल खाचेत अडकले. दृष्टी अधू असलेल्यांना केवळ स्पर्शाने शुद्ध दुधाचा खोका ओळखता यावा म्हणून ती खाच पाडलेली असते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या देशाने केलेली सोय मला, धडधडीत डोळे असताना, सात महिने ठाऊक नव्हती, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती.

पाहुणे आत बसले होते, आणि सर्वांच्या देखत मला सांगावे लागले की आज मसाला दूध होणार नाही. ते गृहस्थ त्या पाहुण्यांत होते. 'अहो वहिनी, त्यात काय एवढे, दूधच ते, चहा होतोच की नाही!' असे म्हणून ते हसले. मी त्यांच्याकडून क्षमायाचनेची अपेक्षा केली नव्हती. पण ज्या खोक्याची निवड त्यांनी स्वतःच्या हाताने केली, त्याविषयी एक शब्दही न काढता त्यांनी ती चूक माझ्या अज्ञानाच्या खाती टाकली, आणि पुढे पंधरवड्यात तो किस्सा चार घरांतून फिरून माझ्याकडे परत आला. दिवाळीच्या फराळाला त्यांच्या घरी गेले असता पाणी घेण्यासाठी मी स्वयंपाकघरात गेले, आणि त्यांच्या पत्नीने कपाटातून काढलेल्या दुधाच्या खोक्याच्या माथ्यावर ती खाच होती. मी विचारले. त्या सहजपणे म्हणाल्या, 'मुलांसाठी आम्ही हेच घेतो. ते दुसरे यांच्या चहापुरते आणतो.' मी पाणी न पिताच बाहेर आले.

दुकानदाराशी माझा तंटा नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी खोका घेऊन गेले तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने तीनदा लवून नमस्कार केला आणि त्या ओळीवर बोट ठेवले. लिहिलेले होते, हे मला मान्यच आहे.

आता, काय लिहिलेले असते ते सांगते. जपानात दुधाच्या प्रत्येक खोक्यावर 'शुरुइबेत्सु', म्हणजे प्रकार, छापणे सक्तीचे आहे. 'ग्युन्यू' हा शब्द दोन चित्राक्षरांचा आहे, पहिले गाईचे आणि दुसरे दुधाचे. प्रकाराच्या जागी केवळ ही दोनच अक्षरे असतील तर आत निव्वळ दूध आहे, बाहेरचे काहीही घातलेले नाही, आणि त्यात स्निग्धांश किमान 3 टक्के आणि इतर घनांश किमान 8 टक्के आहे असे समजावे. त्यांच्या आधी 'तेइशिबो' असेल तर स्निग्धांश काढून दीड टक्क्यापर्यंत किंवा त्याहून खाली आणलेला असतो. 'काकोन्यू' म्हणजे दुधात भुकटी, लोणी वा मलई यांची जुळवाजुळव केलेले दूध. आणि 'न्यूइन्र्यो' म्हणजे दुग्धजन्य पेय, ज्यात कॅल्शियम, लोह, कॉफी, फळांचा रस असे दुधाबाहेरचे पदार्थ मिसळता येतात. माझा खोका या शेवटच्या जातीचा होता. मला जे एक अक्षर शिकवले गेले ते या सर्वांत असते. गाईचे अक्षर मात्र काकोन्यू आणि न्यूइन्र्यो यांच्या नावांत नसते. म्हणून दुधाचे अक्षर शिकण्याआधी गाईचे शिका. सन 2000 साली ओसाका आणि आसपासच्या भागात दहा हजारांहून अधिक माणसांना दुग्धपदार्थांतून विषबाधा झाली, त्यानंतर हे नामकरणाचे नियम कडक झाले, आणि कॉफी घातलेल्या पेयाला ग्युन्यू म्हणवून घेण्याची मुभा उरली नाही.

खाचेविषयी एक खबरदारी: ती अर्धा लिटर व त्याहून मोठ्या, कौलारू माथ्याच्या खोक्यांवरच पाहावी, आणि ती नसली म्हणजे आत दूध नाहीच असा निष्कर्ष काढू नये, कारण सर्वच उत्पादक ती पाडीत नाहीत. असली तर निर्धास्त राहावे. खोका उघडायचा तो खाचेच्या विरुद्ध बाजूने.

तारीख वाचताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. 06.10.12 हे आपल्या सवयीने सहा ऑक्टोबर वाचू नका; ते बारा ऑक्टोबर आहे. ती तारीखही न उघडलेल्या खोक्यापुरतीच. भाषा शिकावी, घाई करू नये, हे सर्वच सांगतात. ओळखीच्या माणसाने सांगितले म्हणून घेऊ नये, मग तो दहा वर्षांचा जुना असो की वीस.

आणि साय हवीच असेल तर तीही मिळते. बहुतेक खोक्यांवर 130 अंश, 2 सेकंद असे तापमान छापलेले असते. त्याऐवजी 63 अंश, 30 मिनिटे असे लिहिलेले, आणि सोबत 'नोन्होमो' हा शब्द असलेले दूध शोधावे. मोठ्या दुकानांच्या तळघरातल्या खाद्यविभागात ते काचेच्या बाटलीत असते, महाग असते. शेजारीणबाईंनीच मला ते दाखवले. पहिली बाटली घरी आणून उघडली तेव्हा गळ्याशी पिवळसर घट्ट गुठळी अडकली होती. ती मी चमच्याने काढली, त्यावर साखर भुरभुरली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली. त्याने ती चाखली, आणि हे काय आहे असे मला जपानीत विचारले.