आईची सुजलेली बोटं आणि उंदराच्या रक्तातली खूण



पाचवीच्या वर्गात संसर्गजन्य रोगांचा पाठ चालू होता. "रोगजंतूंशी लढणारे सैनिक आपल्या रक्तात असतात," असं सांगताच एका मुलीने विचारलं, "सर, आईची बोटं सकाळी सुजतात, भाकरी थापता येत नाही. डॉक्टर म्हणाले, तिचंच शरीर तिच्याशी भांडतंय. असं होतं का?"

होतं. आमवात हा असाच स्वयंप्रतिकार रोग आहे. जंतूंना पकडणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. या रोगात काही प्रतिपिंडे आपल्याच शरीराला शत्रू समजतात. ती रक्तात सापडतात. दुधनीहून सोलापूरला तपासणीला गेलं की रिपोर्टवर 'आरए फॅक्टर', 'अँटी-सीसीपी' लिहिलेलं असतं, ते हेच.

हे कोडं सोडवायला उंदीर मदत करतात. सांध्याच्या कूर्चेत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. दुसऱ्या प्राण्याचं कोलॅजन ठरावीक जातीच्या उंदरांना टोचलं, की त्यांचं शरीर स्वतःच्या कोलॅजनवरही हल्ला करतं आणि पंजे सुजतात. ही पद्धत 1980 पासून वापरात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने अशा उंदरांना इंटरल्युकिन-3 हे प्रथिन दिलं. 2011 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की त्यामुळे सांधेदुखीची तीव्रता कमी झाली आणि दाह वाढवणारी टीएनएफ, आयएल-6 ही निरोप्या प्रथिनेही घटली. याच दोन प्रथिनांना अडवणारी औषधं आज माणसांसाठी वापरली जातात.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. दाह झाला की माणसाच्या रक्तात सीआरपी खूप वाढतं, उंदरात मात्र ते फारसं वाढत नाही. तिथे सीरम अमायलॉइड ए पाहावं लागतं. शिवाय निरोगी माणसाचाही आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि रुग्णाचा निगेटिव्ह.

वर्गात मी असं सांगितलं: धूर दिसला म्हणजे घर पेटलंच असं नाही, चूलही पेटलेली असेल. आत जाऊन बघावं लागतं. रिपोर्ट हा धूर, बघणारे डॉक्टर. मुलांना विचारा, "धूर दिसला, तर अजून काय काय बघाल?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

पालकहो, बोटांची सूज आणि सकाळचा आखडलेपणा काही आठवडे टिकला, तर "वात आहे, जाईल" म्हणून थांबू नका. सांधा एकदा झिजला की पूर्ववत होत नाही. लवकर दाखवलं, तर भाकरी थापणारे हात वाचतात.