मक्याचे कणीस

आषाढ सरून श्रावण लागतो आणि ब्रह्मगिरीच्या माथ्यावरचे ढग खाली उतरून नाशिक शहरावर रेंगाळू लागतात. गोदावरीचे पाणी गढूळ होऊन रामकुंडाच्या पायऱ्या चढू लागते. ह्याच दिवसांत सोमेश्वरच्या धबधब्यापाशी, गंगापूर धरणाच्या वाटेवर आणि त्र्यंबकच्या रस्त्याने कणसांच्या हातगाड्या उभ्या राहतात. भिजलेल्या हवेत कोळशाचा धूर व भाजक्या दाण्यांचा खमंग वास मिसळतो, आणि घाईने निघालेला मनुष्यही तेथे क्षणभर थबकतो.

नाशिक जिल्ह्याचे नाव घेतले की द्राक्षे व कांदा ह्यांची आठवण होते. परंतु येवला, मालेगाव, बागलाण ह्या तालुक्यांत पावसाळ्यात दूरवर मक्याची शेते पसरलेली दिसतात. त्यांतील बहुतेक दाणा वाळवून बाजारात जातो आणि कोंबड्यांचे खाद्य व स्टार्च ह्यांसाठी खपतो. कोवळे असतानाच खुडून घरी आणलेले कणीस हा त्या पिकाचा अगदी लहानसा वाटा होय. मुलांच्या दृष्टीने मात्र सारा मका त्या लहानशा वाट्यातच साठवलेला असतो!

कणीस नीट निवडले, तर अर्धा स्वयंपाक तेथेच होतो. त्याचा पाला हिरवा व ओलसर असावा. टोकाशी लोंबणारे केस तपकिरी झालेले असावेत, पण मुळापर्यंत वाळून गेलेले नसावेत. हे केस केवळ शोभेचे नव्हेत. झाडाच्या शेंड्यावरील तुऱ्यातून उडणारा पराग एकेका केसावर पडतो, त्याची सूक्ष्म नळी केसाच्या आतून खाली उतरते आणि मग दाणा धरतो. एका केसामागे एक दाणा, असा हा हिशेब आहे. ज्या केसाला पराग लाभला नाही, त्याची जागा कणसावर रिकामी राहते. दात पडलेल्या आजोबांसारखे बोळके कणीस हाती आले, तर परागाच्या दिवसांत त्या झाडाला पावसाने किंवा उन्हाने छळले असावे, असे समजावे. दाण्यांच्या उभ्या ओळी मोजून पाहण्यातही मौज आहे. त्या जवळजवळ नेहमी सम भरतात: 12, 14 किंवा 16.

पाला थोडा बाजूला सारून एका दाण्यात नख रोवावे. नुसते पाणी निघाले तर कणीस अजून कच्चे आहे; दुधासारखा चीक निघाला तर ते खाण्याजोगे आहे; आणि नख रुतेनासेच झाले तर ते दळणासाठी ठेवावे.

कणीस खुडल्यानंतरही जिवंत असते. दाण्यांतील साखरेपासून स्टार्च बनवण्याचे त्याचे काम पुढे चालूच राहते, आणि हवा जितकी उष्ण तितके ते वेगाने चालते. अमेरिकन मक्याच्या, म्हणजे गोड मक्याच्या जातींत हे काम निसर्गतःच मंदावलेले असते, म्हणून त्या अधिक गोड लागतात. तरीही 30 अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवलेल्या गोड कणसाची सुमारे निम्मी साखर एका दिवसात नाहीशी होऊ शकते. सकाळी खुडलेले कणीस संध्याकाळी भाजावे, ही शेतकऱ्याच्या घरातील रीत जिभेने शिकवलेली आहे. कणीस ठेवावेच लागले, तर ते पाल्यासकट व थंड जागी ठेवावे.

आता भाजण्याकडे वळावे. शेगडीतील कोळसे पेटले की उतावळी मुले कणीस लगेच ज्वाळेवर धरतात. मग बाहेरून काळे आणि आतून कच्चे, असे ते होते. ज्वाळा ओसरून निखाऱ्यांवर राखेची पातळ पांढरी साय धरेपर्यंत थांबावे. सोललेले कणीस त्यांवर ठेवून हलक्या हाताने पंख्याचा वारा घालावा व ते सारखे फिरवीत राहावे. दाण्याच्या आत पाणी असते. उष्णतेने त्याची वाफ होते, वाफेत स्टार्च फुगून मऊ होतो आणि वाफेला वाट न मिळाल्यास दाण्याची साल फाटते. तड् तड् असा आवाज येतो तो ह्यामुळेच. अशा वेळी तोंड शेगडीवर झुकवू नये आणि जवळ कोणी मोठे माणूस असावे. दाण्यांवर तपकिरी ठिपके उमटले की कणीस उतरवून, मीठ व तिखट लावलेली लिंबाची फोड त्यावर घासावी. गॅसच्या शेगडीवरही कणीस भाजता येते. परंतु निखाऱ्याची चव त्यास येत नाही.

शेतावर आणखी एक सोपी रीत आहे. कणीस न सोलता चुलीतील गरम राखेत पुरून ठेवतात. बाहेरचा पाला करपतो, पण आतील दाणे स्वतःच्याच वाफेत शिजतात. हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा खाणाऱ्यांस ही चव ओळखीची वाटेल. उकडण्यास कौशल्य लागत नाही. गोड मक्याला उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटे पुरतात. देशी मक्याला बराच अधिक वेळ द्यावा लागतो.

मका मूळचा भारतातला नव्हे. मेक्सिकोतील लोकांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो घडवला. 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेस पोहोचला, आणि त्यानंतर मक्याचे दाणे जहाजांतून जगभर गेले. दाणे गेले, पण ते शिजवण्याची रीत मात्र मागेच राहिली. मेक्सिकोतील स्त्रिया वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळीत, रात्रभर तसाच ठेवीत आणि सकाळी धुऊन दगडी पाट्यावर वाटून त्याच्या पातळ भाकऱ्या करीत. युरोपातील लोकांस हा खटाटोप व्यर्थ वाटला असावा. त्यांनी मका नुसताच दळला व शिजवला.

त्याचे फळ गरिबांनी भोगले. जेथे तिन्ही त्रिकाळ मक्यावाचून दुसरे अन्न नव्हते, तेथे लोकांची कातडी खरखरीत होऊन सोलू लागली, पोटे बिघडली, बुद्धिभ्रम झाला आणि अनेक माणसे दगावली. स्पेनमध्ये वैद्य गास्पार कासाल ह्यांनी 1735 मध्ये ह्या रोगाची लक्षणे नोंदवली. पुढे त्यास पेलाग्रा हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात तो इतका माजला की, हा संसर्गजन्य रोग असावा असे पुष्कळ डॉक्टरांस वाटू लागले. 1914 मध्ये सरकारने डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर ह्यांस तपासासाठी पाठवले. अनाथालयांत मुले आजारी पडत, पण त्यांची शुश्रूषा करणारे सेवक मात्र धडधाकट असत, हे त्यांनी हेरले. मुलांच्या ताटात दूध, मांस व कडधान्ये वाढण्याची त्यांनी व्यवस्था केली, आणि रोग हटला. तरीही शंका घेणारे गप्प बसले नाहीत. तेव्हा 1916 मध्ये गोल्डबर्गर ह्यांनी रोग्याचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले! त्यांच्या पत्नीनेही तेच केले. दोघांनाही तो रोग झाला नाही. 1929 मध्ये गोल्डबर्गर वारले. नायसिन ह्या जीवनसत्त्वाच्या अभावी हा रोग होतो, हे 1937 मध्ये सिद्ध झाले. मक्यातील नायसिन बांधलेल्या स्थितीत असते, ते शरीरास मिळत नाही. चुन्याचे पाणी ते मोकळे करते. मेक्सिकोतील स्त्रियांचा खटाटोप व्यर्थ नव्हता.

पावसाळ्यात हौसेने खाल्लेल्या कणसापासून असे काही भय नाही, कारण आपल्या ताटात वरण असते, उसळ असते, शेंगदाणे असतात. होळकरांच्या इंदुरात मराठी घरांतून जो मक्याचा कीस होतो, त्यात तर दूधच पडते. कोवळी कणसे किसणीवर किसून तो कीस मोहरी, जिरे, हिंग व हिरवी मिरची ह्यांच्या फोडणीत घालतात. मंद आचेवर तो परतताना थोडे थोडे दूध शिंपडीत जातात. कीस तळाशी लागू नये म्हणून हात थांबवायचा नसतो. कच्चा वास गेला व कीस मोकळा झाला की वरून खोबरे व कोथिंबीर पेरतात. मागे उरलेले दांडे गोठ्यात जनावरांपुढे पडतात. गोठा नसेल तेथे ते वाळवून ठेवतात आणि पुढच्या खेपेस शेगडी पेटवताना कोळशांखाली घालतात.