रंग बदलला, औषध तेच

कमलनगरकडची पुष्कळ मंडळी मोठ्या डॉक्टरला दाखवायला उदगीर गाठतात आणि महिन्याच्या गोळ्या मात्र सोय पडेल तिथून घेतात. घोळ होतो तो इथेच.

परवा एक आजी चक्कर येते म्हणून माझ्या दवाखान्यात आल्या. बीपी 90/60, घोटे सुजलेले. पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. एक पट्टी उदगीरच्या दुकानातली, दुसरी जनऔषधी केंद्रातली. दोन्हींवर बीपीचं अ‍ॅमलोडिपिन 5 मिलिग्रॅम. "ती स्वस्तातली, पावर कमी असंल म्हणून दोन्ही घेते," आजींनी बिनघोर सांगितलं. डोस दुप्पट!

जनऔषधीत मिळणारी जेनेरिक म्हणजे हलकी गोळी, हे आधी डोक्यातून काढा. मूळ औषध तेच, मात्रा तीच. बदलतं ते नाव, आकार, रंग आणि गोळी बांधायला घातलेलं लॅक्टोज किंवा स्टार्च. मोबाईलवर बघून गोळी पाण्यात टाकून पारखणारेही येतात. अहो, काही गोळ्या पोटात विरघळू नयेत म्हणूनच त्यांवर आवरण दिलेलं असतं!

भरीचा पदार्थ मात्र अगदीच बिनकामाचा समजू नका. 1968च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिटवरच्या फेनिटॉइन कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं. औषध तेवढंच होतं, पण रक्तात जास्त उतरलं आणि रुग्णांना बाधलं. म्हणून फिट, थायरॉईड आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनची कंपनी परस्पर बदलू नका. बदलल्यावर तोल जाऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले, फिट आली, हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच दिवशी या. गोळीनंतर ओठ सुजले, दम लागला, तर बिदरची गाडी बघत बसू नका. जवळचा दवाखाना गाठा.

आणि ब्रँड म्हणजे हमी, असंही नाही. 1986 साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. तेच विष 2025मध्ये छिंदवाड्याच्या लेकरांना भोवलं, तेही ब्रँडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपमधून. लहान मुलाला शेजारणीने सुचवलेलं सिरप पाजू नका. पाजलंच असेल आणि उलट्या होऊन लघवी कमी झाली, तर बाटलीसकट या.

पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव नातवाकडून वाचून घ्या. नाव छापलेला तुकडा शेवटपर्यंत कापू नका. सुट्या गोळ्या कागदात बांधून दिल्या, तर दुकानदाराला परत करा आणि बिल मागा.