पहिलटकरणीस पत्र

शहापूर,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. सौ. बेबीस,


तुझे पत्र पावले. त्यात प्रकृतीचा मजकूर चार ओळी आणि भीतीचा मजकूर चार पाने असे प्रमाण पडले आहे, आणि माझ्या मते ते यथायोग्यच आहे. कारण प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी शरीराला काय वाटते, हे पहिल्या खेपेस जिला जाणून घ्यावयाचे असते तिला ते कोणीच नीट सांगत नाही. आया सांगत नाहीत, कारण मुलगी भिईल; सासवा सांगत नाहीत, कारण त्यांना तरी कोणी सांगितले होते; आणि आम्ही दवाखान्यातल्या बाया सांगत नाही, कारण त्या वेळी आमचे हात गुंतलेले असतात. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: दुखते किती, आणि आपण ओरडलो तर लोक नावे ठेवतील का? यांपैकी दुसरी गोष्ट मला अधिक चिंतेची वाटते.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात बाळंतिणीची एक ठरीव स्तुती आहे: सकाळी आवणीत उभी होती, दुपारी मोकळी झाली, शेजारणीला आवाज नाही. ही स्तुती ऐकत ज्या मुली वाढतात, त्या पुढे डोके ठणकले तरी बोलत नाहीत, अंगावर रक्त गेले तरी चुलीपुढून उठत नाहीत, आणि ज्या दुखण्याला वेळीच औषध होते ते दुखणे रात्री नाल्याला पूर आल्यावर घरच्यांस कळते. सोसणे हा गुण खरा. परंतु गरोदरपणात मौन म्हणजे धैर्य, ही समजूत मी प्रसूतिकक्षात घालवलेल्या उमेदीच्या वर्षांत इतक्यांदा खोटी ठरलेली पाहिली आहे की, तुला या पत्रात दुसरे काही न सांगता एवढेच सांगितले असते तरी चालले असते. शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी तुला शालेय पुस्तकातून ठाऊक आहेत. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत गेले. आणि पुढे 1883 साली, अमेरिकेस निघण्यापूर्वी, बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत आपल्या जाण्याचे कारण सांगताना, पुरुष वैद्यापुढे आपल्या स्त्रिया दुखणे उघड करीत नाहीत म्हणून स्त्री-वैद्य हवी, असेच त्यांनी प्रतिपादन केले. 1886 साली त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही आपल्याकडील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. आज मुरबाडच्या आडगावातदेखील आशाताई दारात येते. पण दारात आलेल्या बाईला खरे सांगावयाचे की नाही, हे अजून आपल्याच हाती आहे.

आता तुझ्या दिवसांचा हिशेब. शेवटची पाळी चंपाषष्ठीस आली असे तू लिहितेस. तिच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजले असता भाद्रपद वद्यात दिवस भरतात, आणि मूल त्याच्या दोन-तीन आठवडे अलीकडे किंवा दोन आठवडे पलीकडेही येऊ शकते, म्हणून गणपती बसतील तेव्हापासूनच सर्व तजवीज तयार हवी. पितृपक्षात बाळंतपण म्हणून कोणी नाक मुरडील, मुरडू दे. मूल पंचांग पाहून येत नाही.

कमी जेवल्यास मूल लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते, अशी एक समजूत तुझ्या घरी निघाली आहे असे दिसते. ती सपशेल चुकीची आहे. अशाने मूल अशक्त आणि आई निःसत्त्व होते. नाचणीची भाकरी, डाळ, शेवग्याचा पाला, अंडे, मिळेल ते पोटभर खा. रक्तवाढीच्या तांबड्या गोळ्यांनी शौचास काळे होते आणि कोठा जड होतो, म्हणून त्या गुपचूप परसात फेकणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तू फेकू नकोस. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले म्हणजे रक्त कमी समजतात. आणि ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त थोडे, तिला प्रसूतीत होणारा नेहमीचा रक्तस्रावही भारी पडतो. दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढण्याचे आता सोडून दे. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, पुढे वैतरणा आणि भातसाही गेली, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गरोदर बाईने उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरची वाट पाहावी, याविषयी लिहू लागले तर हे पत्र अर्जाचे रूप घेईल, सबब थांबते.

डोके सारखे ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हात सुजणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, आणि मुलाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता निघावयाचे, मग घरात कितीही पाहुणे असोत.

आता कळांविषयी. अखेरच्या आठवड्यांत पोट खाली उतरते, श्वास मोकळा होतो आणि लघवीला सारखे जावे लागते. मधूनमधून पोट घट्ट होऊन सुटते, त्या कच्च्या कळा. चालले, कूस बदलली की त्या विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत. त्या बहुधा पाठीच्या खालच्या अंगास पाळीच्या दुखण्यासारख्या सुरू होतात आणि पुढे ओटीपोटात उतरतात. त्या वेळी पोटावर हात ठेवलास तर ते दगडासारखे लागेल. माळशेज चढणाऱ्या एस.टी.चा आवाज तुझ्या परिचयाचा आहे. कळ तशीच हळूहळू चढते, माथ्यावर आता पुढे जाणार नाही असे वाटते, आणि मग आपोआप उतरते. हा सर्व प्रकार मिनिटभराचा असतो, आणि मधल्या वेळात दुखणे खरोखरच थांबते, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही म्हणून मुली मधला विसावाही पुढच्या कळेच्या धास्तीत घालवतात. त्या अवधीत पाणी पी, डोळे मीट, फेऱ्या मार. पाठीवर उताणे पडून राहण्याची सक्ती नाही. पहिल्या खेपेस हे बारा-अठरा तास चालणे अगदी स्वाभाविक आहे.

गर्भाशयाचे मुख दहा सेंटिमीटर उघडत आले म्हणजे सर्वांत कठीण घटका येते. थंडी नसता अंग थरथरते, उलटी होते, नवऱ्याचा, आईचा, सर्वांचा राग येतो, आणि भली धीराची बाईसुद्धा 'मला घरी जाऊ द्या, माझ्याने होत नाही' असे म्हणू लागते. हे वाक्य ऐकले की आम्ही हातमोजे चढवतो. कारण ते बोलणारीचा प्रवास बहुधा संपत आलेला असतो. मग शौचास लागल्यासारखा अनावर दाब येतो. त्याची लाज धरू नकोस, त्या दाबाबरोबरच जोर करावयाचा असतो. डोके बाहेर येताना भाजल्यासारखी आग होते, त्या वेळी नर्स 'आता जोर नको, तोंडाने श्वास सोड' असे सांगेल, ते मात्र अक्षरशः पाळ, म्हणजे अंग फाटण्याचा संभव कमी होईल. मग खांदे, आणि पाठोपाठ सगळे मूल, ओले, उष्ण, निसटते. वार पडते तेव्हा तुझे तिकडे लक्षही नसेल. आम्हां लोकांचे सारे लक्ष मात्र तिकडेच असते, कारण बाळंतिणी दगावतात त्या पुष्कळदा यानंतरच्या रक्तस्रावाने. या सगळ्यात तू ओरडलीस, कण्हलीस, रडलीस तर त्यात लाजण्याजोगे काही नाही. आणि मूल छातीवर ठेवल्याक्षणी मायेचा पूर आला नाही, नुसता थकवा आला, तरी स्वतःला दोष देऊ नकोस. माया पुष्कळांना दोन दिवसांनी येते.

पहिल्या तासातच मुलाला छातीशी धर. पिवळसर चीक पिळून टाकण्याची चाल तुझ्याकडे असेल तर ती मोड. सहा महिने मधाचे बोट नको, घुटी नको, पाणीही नको. तू मात्र पाणी भरपूर पी. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास छाती दगडासारखी होईल आणि विनाकारण रडू येईल. ते बहुधा ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही राहिले, झोप उडाली, मूल नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावयाचे. सटवाईवर सोडून द्यावयाचे नाही.

राहिला रस्त्याचा प्रश्न, आणि आपल्याकडे निम्मे बाळंतपण तेवढ्यावरच असते. शहरातल्या बाईला कळा पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघ म्हणतात. तुझ्या पाड्यावरून टोकावड्याच्या डांबरी सडकेपर्यंत पावसात झोळीशिवाय गती नाही, तेव्हा तो हिशेब तुझा नव्हे. श्रावण सरताच तू इकडे शहापुरास माझ्याकडे राहावयास ये. उपजिल्हा रुग्णालय येथून जवळ आहे. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास भूल देणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात आणि नसल्यास उल्हासनगरला की ठाण्याला नेतात, याची चौकशी मी करून ठेवीन. 2011 पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रियादेखील, औषधे आणि जाण्यायेण्याचे वाहन यांस पैसा पडत नाही. कोणी मागितला तर पावती माग. अवचित पोट दुखू लागले तर 102 किंवा 108 वर फोन करावा, आणि डांबरी सडकेला गाडी कोठे उभी राहणार हे जावईबापूंनी आशाताईशी आजच ठरवून घ्यावे. माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, बँकेचे पुस्तक ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराशी टांग. पहिल्या बाळंतपणाचे पाच हजार रुपये याच कागदांवर मिळतात.

प्रसूतीच्या वेळी सोबत कोण, याची निवड तुझी असावी. तुला मी हवी असेन तर मी आहे, आई हवी असेल तर तिला मी आतापासूनच कळवते. डोहाळजेवणासाठी माणसे किती येणार ते उलटटपाली लिही, म्हणजे तांदळाची सोय पाहता येईल. सासूबाईंना स्वतंत्र पत्र घातले आहे. त्यात हंड्याविषयी लिहिले आहे, त्या रागावल्या तर माझे नाव सांग.

तुझी,
आत्या