घराच्या छपराचा मक्ता

विहीर खोदणें, बांध घालणें, ताली दुरुस्त करणें इत्यादि कामांत शेतकरी स्वतः जाणता असतो. मजुराचें काम चांगलें कीं वाईट, हें तेथें त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. कौलारू घराच्या छपराची गोष्ट निराळी आहे. हें काम एका पिढींत एकदां किंवा दोनदांच निघतें, तें डोक्यावर उंच चालतें, व त्यांत राहिलेला दोष पहिल्या पावसापर्यंत दिसत नाहीं. शिवाय छपराखालीं केवळ माणसेंच राहतात असें नाहीं; वर्षाचें धान्य, पेरणीचें बियाणें व मातीच्या भिंती ह्यांचेंही रक्षण तेंच करतें. म्हणून हें काम मक्त्यानें देतांना कोणती सावधगिरी ठेवावी, ह्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एक तत्त्व प्रारंभींच सांगतों. जुनें छप्पर जागेवर आहे तोंपर्यंत घरधनी खरा धनी असतो. चार मक्तेदारांस विचारण्यास व न परवडणारा दर नाकारण्यास तो मोकळा असतो. कौलें उतरून वासे उघडे पडले व आभाळांत ढग दिसूं लागले, कीं पारडें फिरतें. मग मक्तेदार जो दर सांगेल, जो माल आणील व जितके दिवस लावील, तें सर्व मुकाट्यानें सोसावें लागतें. यास्तव सर्व गोष्टी पहिलें कौल हलविण्यापूर्वीं ठरल्या पाहिजेत.

१. पाहणी.— छप्पर गळतें म्हणजे तें सर्वच बदललें पाहिजे असें नाहीं. मक्तेदाराचा लाभ सर्व उतरविण्यांत असतो, म्हणून पहिली पाहणी आपण करावी. माळ्यावर चढून आढें, वाशांचीं टोकें व तीं भिंतीवर टेकतात त्या जागा टोकदार सळईनें टोंचून पहाव्या. सळई सहज शिरली, भुसा पडला किंवा वाळवीचे मातीचे मार्ग दिसले, तर तें लांकूड बदलावें. लांकूड खणखणीत असून केवळ कौलें फुटलीं वा रिपा कुजल्या असतील, तर नव्या रिपा ठोकून शाकारणी केल्यानें भागतें. काय बदलावयाचें त्याची यादी कागदावर करून तीच सर्व मक्तेदारांस द्यावी, म्हणजे त्यांचे दर एकमेकांशीं ताडून पाहतां येतात.

२. माप.— छपराचा दर बहुधा ब्रासावर, म्हणजे १०० चौरस फुटांवर सांगतात. तंट्याचें मूळ येथेंच असतें. घर ३० फूट लांब व २० फूट रुंद असल्यास त्याची जमीन ६ ब्रास भरते. परंतु छप्पर उतरतें असतें व भिंतींच्या बाहेर जातें. दोन्ही वळचणी अडीच अडीच फूट, आडव्या बाजूंस दीड दीड फूट, व उतार दोन फुटांस एक फूट धरल्यास प्रत्येक पाखा ३३ फूट लांब व सुमारें १४ फूट रुंद होतो. दोहोंचें क्षेत्र ९२४ चौरस फूट, म्हणजे सुमारें सव्वानऊ ब्रास झालें. घरधन्यानें ६ ब्रास मनांत धरावे व मक्तेदारानें सव्वानऊ ब्रासांचा हिशेब मांडावा, ह्यांत लबाडी कोणाचीच नसते. भांडण मात्र ठरलेलें असतें. म्हणून माप उतारावरून कीं जमिनीवरून, हें लिहून ठेवावें व उभयतांनीं टेप धरून तें एकदांच घ्यावें.

३. माल.— माल आपण आणून केवळ मजुरीचा मक्ता देणें, हाच मार्ग आम्हांस बरा वाटतो. मालासह मक्त्यांत दर कमी दिसतो, पण ती तूट कोठेंतरी भरून काढलेली असते. मंगळुर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं कारखाना घातल्यापासून जीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं, तीं मंगळुरी कौलें फुटतूट धरून ब्रासास सुमारें १५० लागतात. वरील घरास चौदाशें पुरतील. घेतांना कौलावर टिचकी मारावी. भाजणी चांगली असल्यास धातूसारखा नाद येतो. दोन चार कौलें कोरडीं तोलून एक दिवस पाण्यांत बुडवून पुन्हां तोलावीं. वजन एक पंचमांशाहून अधिक वाढल्यास तो माल घेऊं नये.

पत्रा घालावयाचा असल्यास जाडी मिलिमीटरांत ठरवावी. ०.५० चा म्हणून ०.३५ चा पत्रा गळ्यांत पडतो, आणि नुसत्या डोळ्यांस फरक कळत नाहीं. मात्र एकाच मापाच्या अशा दोन पत्र्यांचें वजन सुमारें १० आणि ७ ह्या प्रमाणांत असतें, म्हणून काटा खरें सांगतो. जुने पत्रे आसबेस्टॉसचे असल्यास ते फोडूं वा कापूं देऊं नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ते पाण्यानें भिजवून अखंड उतरवावे.

४. वारा.— ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां श्रीवर्धन, मंडणगड, दापोली इत्यादि तालुक्यांत असंख्य घरांचीं छपरें उडालीं. वारा छपरास केवळ ढकलतो असें नाहीं. तो वळचणीखालीं शिरून त्यास वर उचलतो. कौलांचें छप्पर चौरस मीटरास ३५ ते ४० किलो असतें, पत्रा अवघा चार किलोंच्या आसपास. म्हणून कौलें काढून पत्रा घालणारानें वासे भिंतीस लोखंडी पट्ट्यांनीं जखडणें व कडेच्या पत्र्यांस दुप्पट आंकडे लावणें हें मक्त्यांतच लिहून घ्यावें. कौलारू छपरांतही वळचणीच्या व कडेच्या ओळी तारेनें बांधाव्या.

५. करारपत्र.— मक्तेदार निवडतांना त्यानें दोन पावसाळ्यांपूर्वीं केलेलें घर पहावें, गेल्या महिन्यांत केलेलें नव्हे. करार लेखी असावा व त्यांत निदान पुढील कलमें असावींत:

(अ) कामाची यादी, मापाची रीत व ब्रासाचा दर.
(आ) उतरलेलें लांकूड व कौलें कोणाचीं. जुन्या सागवानाचे मोल पुष्कळ असतें. न लिहिल्यास तें मक्तेदाराच्या गाडींतून जातें.
(इ) काम सुरू करण्याची व संपविण्याची तारीख, आणि उशिराची रोजची भरपाई. ती वाजवीच असावी. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें न्यायालय ठरलेल्या रकमेच्या मर्यादेंत वाजवी भरपाईच देतें, म्हणून भरमसाट दंड लिहून उपयोग नाहीं.
(ई) मजुरांच्या अपघाताची जबाबदारी.
(उ) एका वेळीं एकच पाखा उतरवावयाचा. तो झांकल्याखेरीज दुसऱ्यास हात लावावयाचा नाहीं.

वळचण वाढवावयाची असल्यास पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणांत पडणार नाहींत हें आधींच पहावें.

६. पैसे.— पैसा कामाच्या मागें चालावा, पुढें नव्हे. मोठी उचल घेतलेला मक्तेदार दुसऱ्या गांवचें काम आधीं धरतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. मजुरीचे दहा भाग कल्पून एक भाग आरंभीं द्यावा; पहिला पाखा झांकल्यावर तीन; दुसरा झांकल्यावर चार; आढें, वळचण व साफसफाई पुरी झाल्यावर एक; आणि उरलेला एक भाग मृगाची पहिली मोठी सर येऊन गेल्यावर. हा शेवटचा भाग लहान दिसला, तरी गळती काढण्यास मक्तेदारास परत आणणारा तोच असतो. प्रत्येक रकमेची पावती तारखेसह घ्यावी.

७. वेळ.— माल अंगणांत येऊन पडल्याखेरीज छपरास हात लावूं नये. काम गुढीपाडव्याच्या सुमारास काढावें व रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे मेच्या २५ तारखेच्या आंत, संपवावें. काम चालू असतां घराकडे येणारी विजेची तार बंद ठेववावी, व घरचें एक जाणतें माणूस रोज हजर असावें.

एका गांवांत तीन चार घरांचीं छपरें काढावयाचीं असल्यास सभासद बंधूंनीं कौलांची एकच मोठी गाडी मागवावी व मक्ताही एकत्र द्यावा. भाडें वांटलें जातें. आणि एका घराचें काम अर्धवट टाकणारा मक्तेदार चार घरांचा मक्ता गमावण्यास सहसा तयार होत नाहीं.